बर्फ साठवून इमारत थंड ठेवणे: बचत नेमकी कुठे होते?

मोठ्या कार्यालयीन इमारतीच्या, रुग्णालयाच्या किंवा मॉलच्या वीजबिलात सर्वांत मोठा वाटा बहुधा वातानुकूलनाचा असतो. तो कमी करण्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या उपायांपैकी एक उपाय प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटतो: रात्री यंत्रे चालवून कित्येक टन बर्फ तयार करायचा, तो टाक्यांत राखून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वितळवून त्याच्या थंडाव्यावर इमारत चालवायची. ही पद्धत काही दशकांपासून वापरात आहे आणि तिच्याविषयीचा एक गैरसमजही तितकाच जुना आहे, तो म्हणजे बर्फामुळे विजेचे युनिट वाचतात. वस्तुतः तेवढाच थंडावा थेट गार पाण्याच्या रूपाने मिळवण्यापेक्षा बर्फ बनवायला वीज अधिक लागते. वाचतात ते पैसे, आणि तेही अशासाठी की वीज कोणत्या वेळी वापरली आणि एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली, या दोन गोष्टींवर बिल ठरते. एवढी गोष्ट पक्की ध्यानात घेतली तर हा खर्च कोणी करावा आणि कोणी टाळावा, याचा अंदाज बहुतेक इमारतींना स्वतःच बांधता येतो. महाराष्ट्रात तो नव्याने बांधण्याची वेळ आली आहे, कारण २०२५ मध्ये स्वस्त विजेचे तासच बदलले.

बर्फच का

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात अप्रकट उष्मा शिकवला जातो, तोच या सगळ्याचा पाया आहे. शून्य अंश सेल्सिअसचा एक किलो बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी होते, तेव्हा तो सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो आणि तरीही त्याचे तापमान बदलत नाही. याउलट एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढायला केवळ ४.२ किलोज्यूल पुरतात. इमारतीच्या वातानुकूलन यंत्रणेत साधारण ६ ते ७ अंशांचे पाणी बाहेर जाते आणि १२ ते १४ अंशांना परत येते, म्हणजे वापरण्याजोगा फरक सहा ते आठ अंशांचाच असतो आणि एक किलो पाणी २५ ते ३४ किलोज्यूलच वाहून नेऊ शकते. कागदावर बर्फ दहापट सरस ठरतो. प्रत्यक्षात टाकीतील काही जागा नळ्या, न गोठलेले पाणी आणि वरची मोकळी हवा यांत जाते, त्यामुळे गार पाण्याच्या टाकीला जेवढी जागा लागते तिच्या पाचवा ते सातवा हिस्सा बर्फाच्या टाकीला लागतो, असे धरणे योग्य. मुंबईसारख्या शहरात, जिथे तळघरातील प्रत्येक चौरस फुटावर पार्किंगचा हक्क सांगितला जातो, तिथे हा फरक निर्णायक ठरतो.

पुढच्या हिशेबासाठी एक एकक समजून घ्यावे लागेल. वातानुकूलनातील ‘एक टन’ म्हणजे ९०७ किलो (एक अमेरिकी टन) बर्फ चोवीस तासांत वितळवण्याइतका थंडाव्याचा वेग. आजच्या मापात तो ३.५ किलोवॅटच्या आसपास येतो. बर्फ ही जहाजातून विकायला येणारी वस्तू होती त्या काळाची ही खूण आहे. १८३३ मध्ये अमेरिकेतून निघालेला बर्फ कोलकात्यात उतरला आणि पुढे मुंबईतही त्यासाठी खास बर्फघर बांधले गेले. एक टनाचे यंत्र एक तास चालले की जेवढा थंडावा मिळतो त्याला टन-तास म्हणतात, आणि एक टन-तास साठवायला ३८ किलो बर्फ लागतो.

टाकीच्या आत

सर्वाधिक प्रचलित रचनेत मोठ्या टाकीत साधे पाणी भरलेले असते आणि त्या पाण्यात बारीक नळ्यांची दाट गुंडाळी बुडवलेली असते. नळ्यांमधून पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण फिरते. त्यात इथिलीन ग्लायकॉल सुमारे २५ टक्के असेल तर ते उणे १० अंशांपर्यंत गोठत नाही. रात्री चिलर, म्हणजे पाणी किंवा असे मिश्रण गार करणारे मध्यवर्ती यंत्र, हे मिश्रण उणे ४ ते उणे ६ अंशांपर्यंत गार करून नळ्यांत सोडतो, नळीभोवतालचे पाणी गोठू लागते आणि प्रत्येक नळीवर बर्फाचे कवच तासातासाने जाड होत जाते. टाकीतील पाणी कोठेही जात नाही, ते तिथेच गोठते आणि तिथेच वितळते.

किती बर्फ तयार झाला हे ओळखण्याची रीत मला फार आवडते, कारण तिच्यात निसर्गनियमाचा थेट उपयोग केलेला आहे. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे बर्फ वाढू लागला की टाकीतील पाण्याची पातळी वर चढते आणि तो वितळू लागला की खाली उतरते. पहाटे टाकीपाशी जाऊन पातळीचा काटा पाहिला की आज दिवसभरासाठी किती थंडावा शिल्लक आहे ते कळते. चालकाने रोज नोंदवावा असा हा आकडा आहे. बंद पडलेल्या किंवा नावापुरत्या उरलेल्या यंत्रणांत नेमकी हीच नोंद थांबलेली आढळते.

दिवसा तेच मिश्रण इमारतीची उष्णता घेऊन नळ्यांत परत येते आणि बर्फ आतून, म्हणजे नळीच्या बाजूने, वितळू लागतो. सुरुवातीला नळी आणि बर्फ यांत अंतर नसते, म्हणून थंडावा भराभर मिळतो. नंतर मधल्या पोकळीत पाणी साचते, आणि पाण्याची उष्णतावाहकता बर्फाच्या एक चतुर्थांशाच्या आसपास असल्यामुळे वेग मंदावतो. शेवटच्या तासांत बर्फ शिल्लक असूनही बाहेर येणारे मिश्रण हवे तेवढे गार नसते, ही या रचनेची अंगभूत मर्यादा आहे आणि तिच्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या रचनेत इमारतीचे पाणी थेट बर्फाला लागून वाहते आणि बर्फ बाहेरून वितळतो. त्यामुळे एक-दोन अंशांचे पाणी मोठ्या प्रमाणात आणि पटकन मिळते. आपल्याकडील दुग्धव्यवसायात ही रचना फार पूर्वीपासून ‘आइस बँक टँक’ या नावाने वापरात आहे, कारण दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ थोड्या वेळात बरेच दूध येते आणि ते धारोष्ण अवस्थेतून ४ अंशांपर्यंत लवकर उतरवावे लागते. दोन संकलनांच्या मधल्या वेळेत लहान कॉम्प्रेसर सावकाश बर्फ जमवत राहतो. ज्यांना इमारतीतील बर्फसाठा नवखा वाटतो त्यांनी जवळच्या दूध शीतकरण केंद्रात जाऊन पाहावे. पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे गोळे टाकीत रचून ते गोठवण्याचीही एक पद्धत आहे, परंतु तत्त्व तेच असल्याने तिच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही.

बर्फ महाग का पडतो

गार पाणी करताना चिलरमधील शीतक द्रव्य (उकळताना उष्णता शोषून घेणारा द्रव) तीन-चार अंशांना उकळले तरी चालते. बर्फ करायचा तर ते उणे आठच्या आसपास उकळावे लागते. कॉम्प्रेसरला उष्णता जितक्या खालच्या तापमानावरून उचलावी लागते तितके त्याचे काम वाढते. ढोबळ नियम असा की एक अंश खाली गेले की विजेचा खर्च दोन ते तीन टक्क्यांनी वाढतो. शिवाय तोच चिलर बर्फ करताना आपल्या नेहमीच्या क्षमतेच्या ६५ ते ७० टक्केच थंडावा देतो.

या तोट्याची थोडी भरपाई रात्रीची हवा करते, कारण उष्णता बाहेर टाकायला गार हवा मिळाली तर कॉम्प्रेसरचे काम हलके होते. इथे ठिकाण महत्त्वाचे ठरते. पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर येथे एप्रिलमध्ये दुपार आणि पहाट यांच्या तापमानांत पंधरा अंशांच्या आसपास फरक पडू शकतो आणि हवेवर थंड होणाऱ्या चिलरला त्याचा चांगला लाभ होतो. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर मे महिन्याची रात्रही दमट आणि उबदार असते, त्यामुळे तिथे ही भरपाई जुजबी राहते. पुण्यातील इमारतीचे आकडे जसेच्या तसे उचलून मुंबईतील प्रस्तावात घालणे म्हणूनच चुकीचे आहे.

एका इमारतीचा हिशेब

पुण्यात एक कार्यालयीन इमारत आहे असे समजू. उन्हाळ्यात तिची सर्वाधिक गरज ५०० टनांची, कामाचे तास १०, आणि सकाळची व संध्याकाळची गरज कमी असल्याने दिवसभराची एकूण गरज ४,००० टन-तास. साठवण नसेल तर ५०० टनांचे चिलर घ्यावे लागतात, मग ती ५०० टनांची गरज दिवसातून दोनच तास का असेना.

गृहनिर्माण संस्थेत सकाळी सातला सगळे नळ एकदम उघडतात, म्हणून कोणी तेवढ्या ताकदीचा पंप बसवत नाही. लहान पंप रात्रभर चालवून गच्चीवरची टाकी भरतात. तोच विचार इथे लावला तर चिलर दिवसा १० तास आणि रात्री बर्फासाठी ८ तास चालवायचा. रात्रीची क्षमता ६७ टक्के धरली तर २६० टनांचा चिलर पुरतो: दिवसा त्याच्याकडून थेट २,६०० टन-तास आणि रात्रीच्या बर्फातून सुमारे १,४०० टन-तास. त्यासाठी लागणारा बर्फ ५३ टन, म्हणजे ५३ हजार किलो, आणि टाक्यांची जागा ढोबळ मानाने ११० घनमीटर.

याला अंशतः साठवण म्हणतात. संपूर्ण साठवणीत दिवसा चिलर पूर्ण बंद ठेवून सगळी गरज बर्फावर भागवतात. आपल्या इमारतीसाठी त्याला रात्रीचे चौदाही तास वापरून ४२५ टनांच्या आसपास चिलर आणि १५० टन बर्फ लागेल. चिलर फारसा लहान होत नाही आणि टाक्या मात्र जवळजवळ तिप्पट होतात, म्हणून दिवस-रात्रीच्या दरांत फार मोठी तफावत असल्याशिवाय मी हा पर्याय कोणाला सुचवणार नाही.

आता पैशांकडे येऊ. पंप आणि कूलिंग टॉवर (चिलरची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणारा मनोरा) धरून संपूर्ण यंत्रणेला दिवसा एका टन-तासाला ०.९ युनिट आणि रात्री बर्फ करताना, रात्रीच्या गारव्याची भरपाई धरूनही, १.१ युनिट लागतात असे मानू. पुढचे सर्व रुपयांचे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. प्रत्येकाने तिथे आपल्या बिलातील दर घालावेत. दिवसाचा दर युनिटला १० रुपये आणि रात्री दीड रुपयाची सवलत असेल तर १,४०० टन-तास दिवसा थेट मिळवायला १,२६० युनिट आणि १२,६०० रुपये लागतात. तेच रात्री बर्फातून मिळवायला १,५४० युनिट आणि १३,०९० रुपये. सवलत असूनही रोज ४९० रुपये जास्तच गेले. रात्रीचा दर दिवसाच्या दरापेक्षा १८ टक्क्यांहून अधिक स्वस्त असल्याशिवाय या इमारतीत युनिटच्या खर्चात बचत होणारच नाही, कारण बर्फाला २२ टक्के वीज जादा लागते. विक्रेत्यांच्या सादरीकरणांत ही ओळ अनेकदा नसते, आणि ग्राहकाने सर्वांत आधी तीच मागायला हवी.

मग बचत येते कुठून? बिलातील दुसऱ्या ओळीतून. उच्चदाब वाहिनीवरून वीज घेणाऱ्या मोठ्या ग्राहकाला युनिटखेरीज मागणी आकारही भरावा लागतो, म्हणजे महिन्यात एका वेळी जास्तीत जास्त जितकी वीज ओढली तिच्यावर केव्हीएमागे (ढोबळ मानाने किलोवॅटएवढेच माप) ठरावीक रक्कम. आपल्या इमारतीत वातानुकूलनाची कमाल ओढ ४५० किलोवॅटवरून २३४ किलोवॅटवर आली. जादा पंपांची ओढ वजा करून २०० केव्हीए कमी झाले असे धरले आणि दर केव्हीएला महिना ६०० रुपये मानला, तर उन्हाळ्यातील महिन्याला १,२०,००० रुपये वाचतात. पंचवीस कामाच्या दिवसांचा युनिटवरील तोटा १२,२५० रुपये. तो वजा केला तरी लाखाहून अधिक हाती राहतात. इमारत नवी असेल तर चिलर, कूलिंग टॉवर, ट्रान्सफॉर्मर आणि केबल हे सारे लहान घ्यावे लागते आणि टाक्यांच्या खर्चाचा मोठा भाग तिथेच भरून निघतो. चिलर आधीच विकत घेतलेल्या जुन्या इमारतीला हा दुसरा लाभ मिळत नाही, म्हणून तिच्यासाठी योग्य वेळ म्हणजे जुना चिलर बदलण्याची किंवा मजले वाढवण्याची.

महाराष्ट्रात मागणी आकाराचा नियम या पद्धतीला कित्येक वर्षे अनुकूल होता. बिलासाठी सकाळी ६ ते रात्री १० या वेळेतील कमाल मागणीच धरली जात असे, म्हणजे त्यानंतर बर्फासाठी कितीही वीज ओढली तरी हा आकार वाढत नसे. रात्री १० ते सकाळी ६ या तासांत युनिटला दीड रुपयाची सवलत होती, सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ६ ते १० हे तास महाग होते. मात्र त्याच नियमाची दुसरी बाजू कठोर आहे: मागील ११ महिन्यांतील सर्वाधिक बिलिंग डिमांडच्या (बिलासाठी धरलेल्या मागणीच्या) ७५ टक्क्यांखाली चालू महिन्याची बिलिंग डिमांड जाऊ शकत नाही. एप्रिलमधील एका दुपारी बर्फ वेळेआधी संपला, चालकाने राखीव चिलर सुरू केला आणि त्या अर्ध्या तासात मागणी जुन्या उंचीवर गेली, तर तिची सावली पुढच्या अकरा बिलांवर राहते. वर्षभराची शिस्त एका दुपारी वाया जाऊ शकते, हे प्लांटवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असणे आवश्यक आहे.

स्वस्त तास दिवसाकडे सरकले

आतापर्यंतचे सगळे विवेचन ‘रात्रीची वीज स्वस्त’ या गृहीतकावर उभे आहे. कोळशावरची वीजकेंद्रे रात्री पूर्ण बंद करता येत नाहीत आणि रात्री मागणी कमी असते, म्हणून ते गृहीतक अनेक दशके खरे होते. सौरऊर्जेने ते बदलले. आता दुपारी वीज मुबलक असते आणि सूर्य मावळल्यावर, घरोघरी दिवे आणि एसी सुरू होतात तेव्हा, तिची चणचण भासते. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी कमाल मागणीच्या तासांतील दर किमान २० टक्के जास्त ठेवण्याचे ठरवले. महाराष्ट्रात २०२५ च्या दर आदेशाने सवलत रात्रीवरून काढून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या तासांना दिली आणि संध्याकाळी ५ ते मध्यरात्र हे तास महाग केले. नेमके आकडे ऋतूनुसार आणि आदेशानुसार बदलतात, म्हणून ताजे दरपत्रक हाती घेऊनच हिशेब करावा. दिशा मात्र स्पष्ट आहे.

याचा परिणाम आपल्या त्याच इमारतीवर पाहू. सामान्य दर १० रुपये, सौर तासांत ८ आणि संध्याकाळी १२ असे धरू. मध्यरात्रीनंतर बर्फ केला तर एका टन-तासाला १.१ युनिट म्हणजे ११ रुपये. दिवसा थेट थंडावा घेतला तर ०.९ युनिट म्हणजे ७ रुपये २० पैसे. १,४०० टन-तासांवर रोज ५,३२० रुपयांचा आणि महिन्याला १,३३,००० रुपयांचा तोटा. मागणी आकारातील १,२०,००० रुपये त्याने गिळून टाकले. यंत्रे तीच, टाक्या त्याच, चालक तोच, आणि महिन्याला लाखाहून अधिक वाचवणारी यंत्रणा दरपत्रक बदलताच नुकसानीत गेली.

म्हणून ज्यांच्याकडे रात्रीच्या वेळापत्रकावर चालणारे बर्फसाठे आहेत त्यांनी जुने वेळापत्रक तसेच चालू ठेवू नये. कार्यालयाने रोज पूर्ण टाकी गोठवण्याऐवजी कडक उन्हाळ्यातील मोजक्या तासांची कमाल मागणी छाटण्यापुरताच बर्फ करावा आणि संध्याकाळी पाचनंतर काम चालत असेल तर उरलेला साठा त्या तासांसाठी राखावा. मागणी आकाराचा नियम आता कोणत्या तासांना कसा लागू होतो तेही त्याच दरपत्रकात पाहावे.

ज्यांची गरज संध्याकाळी वाढते, म्हणजे हॉटेल, मॉल, चित्रपटगृहे, रुग्णालये आणि रात्रपाळी असणारी कार्यालये, त्यांच्यासाठी नवे दर आशादायक आहेत. दुपारी ८ रुपयांच्या विजेवर साठा करून तो १२ रुपयांच्या तासांत वापरता येतो. दुपारच्या उन्हात बर्फ करताना रात्रीची भरपाई मिळत नाही, म्हणून एका टन-तासाला १.१७ युनिट धरले तरी खर्च ९ रुपये ३६ पैसे होतो, तर संध्याकाळी थेट थंडाव्याला १० रुपये ८० पैसे लागतात. टन-तासामागे जवळपास दीड रुपया सुटतो. परंतु दुपारी इमारतही थंड ठेवायची आणि बर्फही करायचा तर चिलर लहान घेऊन चालत नाही आणि दुपारची मागणीही वाढते. ज्या इमारतीत राखीव चिलर दुपारी रिकामा उभा असतो किंवा छतावरची सौरवीज वाया जाते, तिथेच हे गणित सहज जुळते.

आणि इथे गार पाण्याच्या टाकीचा विचार नव्याने करायला हवा. तिला उणे तापमान लागत नाही, ग्लायकॉल लागत नाही, जादा वीज जवळजवळ लागत नाही. उंच टाकीत गार पाणी तळाशी आणि कोमट पाणी वर असे आपोआप थर करून राहते, कारण गार पाणी जड असते. जागा मुबलक असलेल्या आयटी संकुलांत, विद्यापीठांत आणि कारखान्यांत दुपार ते संध्याकाळ अशी सहा-सात तासांची साठवण करायची असेल तर माझ्या मते पाण्याची टाकी बर्फापेक्षा बहुधा उजवी ठरेल. जागा नसेल तिथे बर्फाला पर्याय नाही.

न्यूयॉर्कमधील उदाहरण

मॅनहॅटनमधील ब्रायंट पार्कसमोरच्या ५५ मजली बँक ऑफ अमेरिका टॉवरच्या तळघरात बर्फाच्या ४४ टाक्या आहेत. त्या शहरात दाट वस्तीच्या भागात नवी वीजवाहिनी टाकणे फार खर्चिक असते आणि उन्हाळ्यातील कमाल मागणीवर मोठा आकार लागतो, त्यामुळे तिथे बर्फाचे गणित भक्कम आहे. या इमारतीत सुमारे ५ मेगावॅट क्षमतेचे स्वतःचे गॅसवरील वीजकेंद्रही आहे. ते रात्रंदिवस चालवणे सोयीचे असते, पण रात्री कार्यालये रिकामी असल्याने तेवढ्या विजेला गिऱ्हाईक नसते. ती शिल्लक वीज बर्फात जाते. बर्फ टिकला आहे तो अशा ठिकाणी, जिथे कोणत्या ना कोणत्या कारणाने काही तासांची वीज खरोखर स्वस्त पडते.

लहान इमारतींसाठी हीच कल्पना आणण्याचा प्रयत्न कॅलिफोर्नियातील आइस एनर्जी या कंपनीने केला. छतावरच्या एसीला जोडता येईल असा बर्फाचा पेटारा तिने बाजारात आणला, परंतु २०१९ च्या अखेरीस तिने दिवाळखोरी जाहीर केली. आपल्याकडील सदनिकांत, जिथे प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्प्लिट एसी असतो आणि मध्यवर्ती चिलर नसतोच, तिथे या पद्धतीचा उपयोग नाही. घरमालकाने या फंदात पडू नये.

गावपातळीवर मात्र साठवलेल्या थंडाव्याची वेगळी गरज आहे आणि तिच्याकडे पुण्याशी नाते असलेल्या काही उद्योगांनी मनापासून लक्ष दिले आहे. पुण्यातील इकोझेनने सौरऊर्जेवर चालणाऱ्या शीतखोल्या केल्या, ज्यांत दिवसा साठवलेला थंडावा शेतमालाला रात्री उपयोगी पडतो. बोस्टन आणि पुणे येथून काम करणाऱ्या प्रोमिथियनने वीज असेल तेव्हा थंडावा साठवून दूध येईल तेव्हा वापरणारे शीतकरण यंत्र बनवले. तिथे प्रश्न दराचा नसतो. संकलनाच्या वेळी वीज असेलच याची खात्री नसते, आणि डिझेल जनरेटरचा खर्च टळला तरी यंत्र आपली किंमत वसूल करते. शहरातील रुग्णालयालाही या लाभाचा एक भाग मिळतो, कारण वीज गेल्यावर टाकीतील बर्फ वापरायला केवळ पंप जनरेटरवर चालवावे लागतात, चिलर नाही.

निर्णयापूर्वी

सर्वांत आधी इमारतीची गरजच कमी करता येते का ते पाहावे. पश्चिमेच्या काचेला सावली नसेल, छतावर उष्णतारोधक थर नसेल आणि दारे सताड उघडी राहत असतील, तर तिथे टाकी बसवणे म्हणजे टाळता येणारी उष्णता मोठ्या खर्चाने साठवण्यासारखे आहे. त्यानंतर वर्षभराची बिले आणि मीटरमधील दर अर्ध्या किंवा पाव तासाची नोंद मागवून घ्यावी. कमाल मागणी टोकदार असेल, म्हणजे दिवसातून दोन-तीन तासच उंच जात असेल, तर थोड्या बर्फातही मोठी छाटणी होते. ती दिवसभर सपाट असेल तर टाक्या खूप मोठ्या लागतात आणि खर्च भरून येत नाही. चोवीस तास सारखाच भार असलेल्या माहिती केंद्रांत बर्फ बसत नाही, तो याच कारणाने. तिथे गार पाण्याच्या लहान टाक्या असतात त्या वीज गेल्यानंतरची काही मिनिटे सांभाळण्यासाठी.

दर बदलले तर काय होईल, याचाही हिशेब प्रस्तावात असला पाहिजे. टाक्या वीस वर्षे आणि त्याहून अधिक टिकतात. दरपत्रक तेवढे टिकत नाही. एकाच दरपत्रकावर परतफेडीची वर्षे काढून दाखवणारा प्रस्ताव परत पाठवावा, आणि सौर तासांतही व रात्रीही, दोन्ही वेळी साठा करता येईल अशी झडपांची व नियंत्रणाची रचना सुरुवातीलाच मागावी. नंतर बदलण्यापेक्षा आरंभी ती करून घेणे पुष्कळ स्वस्त पडते.

करारात आणखी एक अट असावी. पुरवठादार टाकीची क्षमता एकूण टन-तासांत सांगतो, पण वर पाहिल्याप्रमाणे शेवटच्या टप्प्यात बर्फ असूनही थंडावा मंदावतो. म्हणून सुपूर्द करण्यापूर्वीची चाचणी उन्हाळ्यात, पूर्ण भाराखाली घ्यावी, आणि पैसे देण्याचा आधार एकूण टन-तास हा न ठेवता साठा वापरण्याच्या शेवटच्या तासात टाकीतून बाहेर येणाऱ्या मिश्रणाचे तापमान हा ठेवावा. ते ठरलेल्या अंशांच्या वर गेले तर टाकी अपुरी आहे असे करारातच लिहून घ्यावे.